संगणक-भाषांतील अमर्याद पूर्णांक : एक ऐतिहासिक समालोचन

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ह्या ग्रंथात (इ. स. ११५०) चक्रवाल पद्धतीचे विवेचन आहे. त्यातील एक प्रश्न असा : कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा वर्गच येतो? ह्याचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० हे असून येणाऱ्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९ आहे. पुढे पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या समकालीनांपुढे हेच कोडे ठेवले व ६१ च्या जोडीस १०९ हा गुणकही दिला. तेथील लहानांत लहान मुळे १५१४०४२४४५५१०० व १५८०७०६७१९८६२४९ अशी येतात. हाताने आकडेमोड करणाऱ्यास ह्या ठिकाणी श्रम पडतात. पण अमुक एका अंकापुढे संख्या लिहिताच येत नाही, असा अनुभव त्यास येत नाही. ओळ पुरली नाही तर तो पुढील ओळीवर जातो.

आता हाच प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने संगणकास घातला आहे अशी कल्पना करू. आज्ञावली अगदी साधी आहे : १, २, ३ अशा संख्या क्रमाने घ्याव्या, प्रत्येकीच्या वर्गास ६१ ने गुणावे, त्यात एक मिळवावा आणि येणारी संख्या पूर्ण वर्ग आहे किंवा नाही ते पाहावे. भाषा अशी आहे की तीत पूर्णांकास ३२ बिटांची जागा मिळते, आणि गुणाकार त्या जागेत न मावल्यास वरचे अंक मुकाट्याने टाकून दिले जातात. ही आज्ञावली बावीस कोटींपर्यंत कधीच पोहोचणार नाही. उशिरात उशिरा ६५५३६ ह्या संख्येशी ती थांबेल. ६५५३६ चा वर्ग म्हणजे २ चा ३२ वा घात. ३२ बिटांच्या जागेत त्याचे केवळ शून्य उरते. शून्यास ६१ ने गुणून एक मिळविला की एक येतो, आणि एक हा पूर्ण वर्ग आहे. संगणक उत्तर देईल : ६५५३६ आणि १. तक्रार नाही, इशारा नाही. विद्यार्थ्याने पडताळा पाहण्यासाठी त्याच भाषेत दुसरी आज्ञावली लिहिली तर तीही हे उत्तर बरोबर आहे असेच सांगेल, कारण पडताळ्याचे गणितही त्याच तोकड्या जागेत होणार. बेरीज-गुणाकार चुकले तर ताळा जमत नाही, ह्या आपल्या शालेय विश्वासास येथे तडा जातो. ही चूक स्वतःचा ताळा स्वतःच जमवून देते.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या प्रकाराच्या इतिहासाचा. संगणकासाठी रचलेल्या भाषांनी 'पूर्णांक' ह्या शब्दाचा अर्थ काय केला, तो कोणी केव्हा बदलला, आणि अमर्याद पूर्णांकास भाषेच्या व्याकरणात स्थान मिळाले की केवळ कोशात, हे पाहणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकासही उद्बोधक वाटेल अशी आमची समजूत आहे.

संख्यावाचक शब्द आणि संख्येचे लेखन ह्यांत एक मूलगामी भेद आहे. 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ही यादी आहे, आणि यादी कोठेतरी संपते. ह्याउलट दशमान स्थानपद्धति हा नियम आहे. डावीकडे आणखी एक अंक मांडावा, एवढेच तो सांगतो, आणि त्यास अंत नाही. नैसर्गिक भाषा यादीने बोलतात व नियमाने लिहितात. संगणकाच्या बहुतेक जुन्या भाषांनी मात्र लेखन नियमाचे ठेवले आणि अर्थ यादीसारखा सान्त केला. योगायोग असा की, व्यापारी हिशेबांसाठी १९५९-६० मध्ये निर्माण झालेल्या कोबोल भाषेच्या प्रमाणकांत संख्येस जास्तीत जास्त अठराच दशमान अंक दिलेले होते. ही मर्यादा एकतीस अंकांवर गेली ती २००२ च्या प्रमाणकात. परार्धाची अठरा स्थाने व कोबोलचे अठरा अंक ह्यांत काही ऐतिहासिक संबंध अर्थातच नाही; परंतु हिशेबनिसाच्या गरजेस दोन्हीकडे जवळजवळ एकच माप पुरेसे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये आय. बी. एम. ७०४ ह्या यंत्रासाठी तयार झाली. यंत्राचा शब्द ३६ बिटांचा होता. पण फोर्ट्रानमधील पूर्णांक ३२७६८ हून लहान असावा लागे. पूर्णांकाचे काम म्हणजे ओळींची मोजणी व सारणीतील अनुक्रमांक दाखविणे. खरे गणित अपूर्णांकांचे, असा त्या भाषेचा दृष्टिकोन होता. ह्याहून विलक्षण गोष्ट आय. बी. एम. १६२० ची. १९५९ साली बाहेर आलेल्या ह्या छोट्या यंत्रास ठराविक लांबीचा शब्दच नव्हता. ते दशमान अंक एकामागून एक साठवी, संख्येच्या सर्वांत डावीकडील अंकावर खूण करी, आणि खूण दिसेपर्यंत बेरीज करीत जाई. बेरीज तरी कशी, तर स्मृतीत ठेवलेल्या कोष्टकात पाहून, म्हणजे उजळणी म्हणणाऱ्या मुलाप्रमाणे. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ मध्ये आलेला संगणक हाच. म्हणजे यंत्र स्मृति संपेपर्यंत हव्या त्या लांबीच्या संख्या हाताळण्यास सिद्ध होते. त्यावर चालणारी फोर्ट्रान मात्र पूर्णांकाचे अंक आधीच ठरवून घेई. पूर्णांकाचा तोकडेपणा हा यंत्राचा दोष आहे आणि भाषा बिचारी निरुपाय आहे, असे जे नेहमी सांगितले जाते ते सर्वांशी खरे नाही, हे दाखविण्यास एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

अल्गोल ६८ ह्या भाषेने ह्या बाबतीत एक चमत्कारिक मार्ग काढला. तीत पूर्णांकास 'इंट' म्हणत. त्याहून मोठा हवा असल्यास 'लाँग इंट', त्याहूनही मोठा 'लाँग लाँग इंट', आणि व्याकरणाच्या दृष्टीने हे विशेषण कितीही वेळा लिहिण्यास मुभा होती. 'लांबलांब', 'मोठमोठे' अशी द्विरुक्ति करून आधिक्य सुचविण्याची आपली रीति येथे अक्षरशः व्याकरणाचा नियम झाली. परंतु एका मर्यादेपुढे आणखी एक 'लाँग' लिहिल्याने संख्येची जागा वाढेलच असे नाही. ती मर्यादा ज्या त्या यंत्रावर ठरे, आणि ती किती आहे हे विचारण्याची सोयही भाषेत होती. नोम चॉम्स्की ह्यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमता व प्रत्यक्ष भाषाप्रयोग ह्यांत जो भेद केला, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण नैसर्गिक भाषांत सापडणे कठीण. पुढे १९९९ च्या प्रमाणकात सी ह्या भाषेनेही 'लाँग लाँग' स्वीकारले. मात्र तेथे द्विरुक्तीवर गाडी थांबली, त्रिरुक्तीस परवानगी नाही.

सी भाषेविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण नंतरच्या अनेक भाषांनी तिचाच पूर्णांक वारशाने घेतला. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी ती घडली तेव्हा तिचे माहेर असलेल्या पी. डी. पी. ११ ह्या यंत्राचा शब्द १६ बिटांचा होता, आणि पूर्णांक म्हणजे हा यंत्रशब्द असे समीकरण तीत रूढ झाले. गंमत अशी की, त्याच घरात रॉबर्ट मॉरिस व लोरिंडा चेरी ह्यांची 'डी. सी.' ही गणनभाषा नांदत होती. ती सीच्याही आधीची, प्रथम 'बी' भाषेत लिहिलेली, आणि हव्या तितक्या अंकांचे गणित करणारी. सीच्या कर्त्यांना अमर्याद पूर्णांक माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. त्यांनी तो हेतुपुरस्सर भाषेबाहेर ठेवला, कारण त्यांना त्या भाषेत यंत्रावरची कार्यप्रणाली लिहावयाची होती, आणि तेथे प्रत्येक बेरजेची किंमत आधी कळणे आवश्यक होते. हा निर्णय त्या कामापुरता योग्यच होता. पुढे ज्यांना कार्यप्रणाली लिहावयाची नव्हती त्यांनीही तो न विचारता उचलला, ही वेगळी गोष्ट. सीमध्ये मोठे गणित करणारे लोक १९९१ पासून टॉर्बियॉर्न ग्रानलुंड ह्यांच्या जी. एम. पी. ह्या आज्ञासंग्रहाचा आधार घेतात.

अमर्याद पूर्णांकास भाषेच्या गाभ्यात आणण्याचे श्रेय बव्हंशी लिस्पच्या परंपरेकडे जाते. जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे योजिलेली ही भाषा याद्यांची भाषा आहे. आणि मोठी संख्या म्हणजे तरी अंकांची यादीच. १९६८ मध्ये त्याच संस्थेत मॅकसिमा हा बीजगणितीय प्रकल्प सुरू झाला. बहुपदींचा महत्तम साधारण विभाजक काढू लागले की प्रश्न लहान, उत्तर लहान, पण मधल्या पायऱ्यांतील सहगुणक शेकडो अंकांपर्यंत फुगतात, असा त्या क्षेत्रातील सर्वांचाच अनुभव होता. मधली एक पायरी मावली नाही तर सारे उत्तर वाया. ह्या गरजेतून मॅकलिस्पमध्ये दोन जातींचे पूर्णांक आले : यंत्रशब्दात मावणारा 'फिक्सनम' आणि न मावणारा 'बिगनम'. लहान संख्यांची बेरीज मोठी झाली की पहिल्या जातीतून दुसऱ्या जातीत आपोआप जावयाचे.

मॅकलिस्पमध्ये बेरजेचे '+' हे चिन्ह फक्त फिक्सनमांसाठी राखून ठेवले होते. कोणत्याही जातीच्या संख्यांची बेरीज करावयाची तर 'प्लस' हा पूर्ण शब्द लिहावा लागे. घाईच्या, रोजच्या संख्येस चिन्ह आणि थोर संख्येस शब्द, अशी ही विभागणी. गाय स्टील ह्यांच्या १९८४ च्या ग्रंथाने रूढ केलेल्या कॉमन लिस्पमध्ये हा भेद गेला. '+' सर्व संख्यांस सारखाच लागू झाला. तरीही दोन जातींमधील शिवण कोठे कोठे दिसतेच. त्या भाषेत 'ह्या दोन वस्तु एकच आहेत काय' आणि 'ह्या दोन संख्या समान आहेत काय' असे दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात. लहान संख्यांच्या बाबतीत दोहोंची उत्तरे सहसा जुळतात, मोठ्यांच्या बाबतीत जुळतीलच असे नाही. संख्येला समानतेखेरीज निराळी 'ओळख' असते, हे गणितात बसत नाही. ती ओळख संख्येची नसून स्मृतीतील तिच्या जागेची आहे.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात तयार झालेल्या स्मॉलटॉक-८० ने हीच व्यवस्था वेगळ्या परिभाषेत मांडली. तेथे लहान पूर्णांक, मोठा धन पूर्णांक व मोठा ऋण पूर्णांक असे तीन वर्ग होते आणि एकातून दुसऱ्यात संक्रमण आपोआप होई. हॅस्केल भाषेने (१९९०) 'इंट' व 'इंटिजर' असे दोन प्रकार ठेवले, पण जेथे लेखकाने काहीच सांगितले नाही तेथे अमर्याद 'इंटिजर' गृहीत धरला. आमच्या मते ह्या क्रमातच शहाणपण आहे : जो काही बोलत नाही त्यास बरोबर उत्तर मिळावे, आणि ज्यास वेग हवा त्याने तोंड उघडावे.

ह्या संख्यांचे गणित प्रत्यक्षात होते कसे, ह्याचे विवेचन डोनल्ड क्नूथ ह्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात (१९६९) आहे. मूळ रीति शाळेतलीच. केवळ दहाच्या जागी यंत्रशब्दास सोयीचा मोठा पाया घ्यावयाचा. पायथनची आजची प्रचलित आवृत्ति बहुतेक यंत्रांवर २ चा ३० वा घात हा पाया धरते, म्हणजे तिचा एकेक 'अंक' शंभर कोटींहून मोठ्या पल्ल्याचा असतो. शाळेच्या रीतीने न अंकी दोन संख्यांच्या गुणाकारास न च्या वर्गाच्या प्रमाणात श्रम पडतात. ह्याहून कमी श्रमांत गुणाकार होणारच नाही, असे अनुमान आंद्रेई कोल्मोगोरोव ह्यांनी १९६० मध्ये मॉस्को येथील चर्चासत्रात मांडले. आठवड्याभरातच अनातोली करात्सुबा ह्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते खोटे ठरविले. त्यांची रीति चार गुणाकारांचे काम तिनांत करते. श्योनहागे व स्ट्रासेन ह्यांची अधिक वेगवान रीति १९७१ ची. ह्या शोधांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पायथनचे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे, कारण तेथे एकाच भाषेने आपला विचार उघडपणे बदलला. तिचे कर्ते खिदो व्हान रॉसम हे पूर्वी ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणनशास्त्राच्या संस्थेत 'ए. बी. सी.' नामक भाषेच्या कामावर होते, आणि त्या भाषेत पूर्णांकास मर्यादा नव्हती. असे असून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनमध्ये त्यांनी सीचा यंत्रशब्दच पूर्णांक म्हणून घेतला. अमर्याद पूर्णांक निराळ्या 'लाँग' प्रकारात ठेवला, आणि त्याच्या शेवटी 'एल' हे अक्षर प्रत्ययासारखे लावावयाचे ठरविले. यंत्रशब्द ओलांडला तर भाषा चुकीचे उत्तर देत नसे, चूक झाली म्हणून थांबत असे. एवढा सच्चेपणा तीत पहिल्यापासून होता. मार्च २००१ मध्ये मोशे झाडका व व्हान रॉसम ह्यांनी दोन्ही प्रकार एक करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या २.२ आवृत्तीत लहान पूर्णांक आपोआप मोठा होऊ लागला. आणि डिसेंबर २००८ च्या ३.० आवृत्तीत 'लाँग' हे नाव व 'एल' हा प्रत्यय दोन्ही नाहीसे झाले. सात वर्षे लागली ती गणित कठीण होते म्हणून नव्हे. लिहून झालेल्या असंख्य आज्ञावल्या जुन्या अर्थावर विसंबून होत्या, आणि रूढ प्रयोग एका फतव्याने बदलत नसतो हे व्याकरणकारांस नव्याने सांगावयास नको. रूबी भाषेतही दोन वर्गांची नावे जाऊन एकच पूर्णांक उरला, तो २०१६ च्या अखेरीस.

जावाचा मार्ग उलट दिशेचा. तिचा 'इंट' ३२ बिटांचा आणि जागा न पुरल्यास मुकाट्याने फेर धरणारा. तीत १३ चे क्रमगुणित मागितले तर ६२२७०२०८०० ऐवजी १९३२०५३५०४ मिळते. ६४ बिटांच्या 'लाँग'मध्ये विसाचे क्रमगुणित बरोबर येते, एकविसाचे मात्र ऋण होते. १९९७ मध्ये जावास 'बिगइंटिजर' हा वर्ग मिळाला. ह्या वर्गात केवळ बेरीज-गुणाकार नसून घातांकाचा शेष काढणे, संभाव्य मूळ संख्या शोधणे अशाही क्रिया आहेत. गुप्तलेखनाच्या गरजेची छाया त्यावर स्पष्ट दिसते. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन ह्यांच्या १९७७ च्या पद्धतीस शेकडो अंकी संख्या लागतात; २०४८ बिटांची संख्या म्हणजे ६१७ दशमान अंक. पण जावामध्ये वापरणाऱ्याने घडविलेल्या वर्गास '+' हे चिन्ह लावता येत नाही. त्यामुळे दोन बिगइंटिजरांची बेरीज 'अमुक, तमुकास मिळव' अशा वाक्याने सांगावी लागते. मोठ्या संख्येस तेथे संख्येचे व्याकरण नाही, सामान्य नामाचे आहे. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला : ज्यास गरज आधी कळली त्याने बिगइंटिजर वापरला, ज्यास कळली नाही त्याचे गणित फेर धरीत राहिले. जोशुआ ब्लॉक ह्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की जावाच्याच अधिकृत संग्रहातील द्विभाजन-शोधाच्या आज्ञावलीत हा दोष सुमारे नऊ वर्षे दडून होता. दोन अनुक्रमांकांची बेरीज करून तिचे अर्धे करावयाचे, एवढीच ती ओळ. सारणी फार मोठी असली की ती बेरीज ऋण होई. हीच ओळ आजच्या पायथनमध्ये जशीच्या तशी लिहिली तर निर्दोष आहे.

जावास्क्रिप्टमध्ये (१९९५) तर दीर्घ काळ निराळा पूर्णांकच नव्हता. सर्व संख्या ६४ बिटांच्या तरत्या दशांशाच्या. तेथे ९००७१९९२५४७४०९९२ मध्ये एक मिळविला तरी तीच संख्या राहते. भास्कराचार्यांच्या समीकरणातील १०९ चा पडताळा अशा अंकगणितात घेणे व्यर्थ आहे, कारण त्या आकाराच्या दोन शेजारी संख्यांमध्ये सुमारे ४ लाख ४० हजार कोटींचे अंतर पडते. एकाचा फरक तेथे दिसणार कोठून! २०२० च्या प्रमाणकात ह्या भाषेस 'बिगइंट' मिळाला. त्याच्या शेवटी 'एन' हे अक्षर लावावे लागते, आणि साध्या संख्येत तो मिसळल्यास भाषा चूक दाखवून थांबते. पायथनने जो प्रत्यय २००८ मध्ये टाकला तशाच प्रत्ययाचा जावास्क्रिप्टने बारा वर्षांनी स्वीकार केला, हे पाहून कोणास मौज वाटेल. पण जुन्या आज्ञावल्यांतील संख्यांचा अर्थ बदलण्यास तेथे जागाच नव्हती. मिसळण्यास बंदी घालणे हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो, कारण एक संख्या अचूक व दुसरी अंदाजी असता बेरजेस कोणता धर्म द्यावा, ह्याचे सर्वसंमत उत्तर नाही.

अमर्याद पूर्णांकाविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो वेगाचा. प्रत्येक बेरजेनंतर 'मावली काय' हे पाहावे लागते, आणि संख्या मोठी झाली की स्मृति मागावी लागते. हा आक्षेप खोटा नाही. परंतु २०२२ मध्ये पायथनमध्ये घडलेला एक प्रकार अधिक विचार करावयास लावतो. त्या वर्षी सप्टेंबरात निघालेल्या आवृत्त्यांपासून त्या भाषेने अमर्याद पूर्णांकास एके ठिकाणी मर्यादा घातली, आणि ती गणितात नव्हे. मजकुरातील दशमान अंक वाचून त्यांची संख्या करणे, किंवा संख्येचे दशमान अंक लिहून दाखविणे, ह्या दोन क्रिया ४३०० अंकांपलीकडे आपोआप होत नाहीत. हवी असल्यास मर्यादा वाढविता किंवा काढता येते. कारण असे की, आतील लेखन २ च्या घातांच्या पायावर आणि बाहेरचे दहाच्या, ह्या रूपांतरास त्या भाषेत अंकसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागत असे. एखाद्या दुष्ट हेतूच्या माणसाने लक्षावधी अंकांची ओळ पाठवून दूरचे यंत्र नुसत्या वाचनात गुंतवून ठेवावे, हे शक्य होते. सोळाच्या पायाने लिहिलेल्या संख्येस ही मर्यादा लागू नाही, कारण सोळा हा दोनाचाच घात आहे आणि तेथे रूपांतर केवळ अंकांचे गट पाडण्याने होते. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत रूपांतराच्या अधिक वेगवान रीति आल्या. ४३०० अंकांची मर्यादा मात्र कायम ठेवण्यात आली. तेव्हा आज पायथनमध्ये दहा हजार अंकी दोन संख्यांचा गुणाकार विनातक्रार होतो, त्यास तिसरीने भागता येते, शेष काढता येतो. फक्त येणारे उत्तर माणसांच्या अंकांत म्हणून दाखव असे सांगितले की भाषा आधी परवानगी मागते.